रॉड्रिग्ज बेटाचं पोट कशावर चालतं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी रॉड्रिग्ज बेटावरच्या ऑक्टोपस पकडणाऱ्या बायकांविषयी लिहिलं होतं. हिंदी महासागरातल्या या बेटावर समुद्रजीवांच्या पाहणीच्या कामासाठी माझा बराच मुक्काम झाला. लेख छोटा होता, त्यामुळे बेटाची माहिती देणं राहून गेलं, आणि वाचकांनी नेमकं तेच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

प्रश्न : मुलांना नकाशात बेट दाखवायला गेले तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. एवढ्याशा जागेवर लोक जगतात तरी कशावर? (भूगोलाच्या एक शिक्षिका)

बाई, आधी तो ठिपका मोठा करून पाहू. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी साधारण १८ किलोमीटर, क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती ४४ हजारांच्या घरात. देश मॉरिशस, चलन मॉरिशसचा रुपया, बोलायला क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली इथली बोली. ज्वालामुखीतून वर आलेला हा डोंगराचा कणा आहे. सगळ्यात उंच माथा मॉं लिमॉं, ३९८ मीटरचा. त्याच्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचा समुद्र एकाच वेळी दिसतो. बेटाच्या नैर्ऋत्य भागात मात्र काळा खडक संपून पांढरा चुनखडक लागतो, त्यात गुहा आहेत, आणि तिथेच प्लेन कोराय नावाच्या सपाटीवर विमानतळ आहे.

पण मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. नकाशावरची जमीन म्हणजे बेटाचा लहान हिस्सा. बेटाच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे आणि ती भिंत नि किनारा यांच्यामध्ये उथळ पाण्याचं लगून पसरलेलं आहे, सुमारे २४० चौरस किलोमीटरचं. म्हणजे जमिनीच्या दुपटीहून जास्त! पश्चिमेला आणि दक्षिणेला ते इतकं रुंद आहे की भिंतीवर फुटणाऱ्या लाटा किनाऱ्यावरून नुसती एक पांढरी रेघ दिसतात. बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेपेक्षा खोल नाही. रॉड्रिग्जच्या माणसांसाठी हे लगून म्हणजे परसदार आहे. सकाळी उठून तिथे जायचं आणि स्वयंपाकाला काय मिळतंय ते पाहायचं.

आता पैशाचं. सरळ हिशोब मांडला तर बेटावर सगळ्यात जास्त पैसा येतो तो मॉरिशस सरकारच्या तिजोरीतून. प्रशासन, शाळा, दवाखाने, रस्त्यांची कामं यांवर फार मोठी संख्या अवलंबून आहे. त्याखालोखाल पर्यटन. पाहुणे मुख्यतः मॉरिशसहून आणि त्याच्या जवळच्या रेयुनियन या फ्रेंच बेटावरून येतात आणि मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती खोल्यांत उतरतात, त्यामुळे तो पैसा बऱ्यापैकी गावातच फिरतो. मग शेती : मका, लाल घेवडा, कांदा, लसूण, छोटी जहाल मिरची, लिंबू, मध. गुरं, डुकरं, शेळ्या आहेत. मॉरिशसला इथून गुरं आणि खारवलेले मासे जात आले आहेत. शनिवारी पहाटे पोर्ट माथुरिन या मुख्य गावात बाजार भरतो. मिरचीच्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या बाटल्या, मधाच्या बाटल्या, केतकीसारख्या वाकोआच्या पानांच्या टोपल्या आणि टोप्या. नऊ-दहा वाजेपर्यंत चांगला माल संपलेला असतो.

या यादीत लगूनची कमाई आकड्यांनी छोटी दिसते. माझं मत वेगळं आहे. सरकारी पगार ज्याला मिळाला त्याला मिळाला. शाळा अर्धवट सुटलेली बाई, नवरा कामासाठी मॉरिशसला गेलेली बाई, साठी उलटलेली बाई, यांच्या हातात स्वतःचा म्हणून जो पैसा येतो तो लगूनमधून. बेटाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन.

प्रश्न : मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मग त्याच देशातल्या रॉड्रिग्जमध्ये आपलं कोणी का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता. उत्तर आहे ऊस. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि ऊसमळ्यांना मजूर हवे झाले. म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले गेले. त्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू होते, तसेच मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. रॉड्रिग्जवर मळ्यांचा ऊस नव्हताच. डोंगर उताराचे, माती पातळ, पाऊस बेभरवशाचा. ऊस नाही म्हणून मळेवाला नाही, मळेवाला नाही म्हणून गिरमिटिया नाही.

त्यामुळे इथली बहुसंख्य माणसं आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे वंशज आहेत. सुटका झाल्यावर त्यांतले बरेच जण डोंगरात जाऊन राहिले, तुकड्या-तुकड्यांची शेती करू लागले. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक कॅथलिक आहेत. हिंदुस्थानी आणि चिनी वंशाची कुटुंबं आली ती पुढे, मुख्यतः दुकानदारीसाठी, आणि थोडीच.

मुंबईचा मात्र एक जुना धागा आहे, तो इतिहासप्रेमी वाचकांसाठी सांगते. नेपोलियनच्या काळात मॉरिशस फ्रेंचांकडे होतं. त्यांच्यावर चाल करण्यासाठी इंग्रजांनी १८०९ मध्ये आधी रॉड्रिग्ज ताब्यात घेतलं, आणि लेफ्टनंट कर्नल कीटिंगच्या हाताखाली जी तुकडी तिथे उतरली तिच्यात मुंबईच्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई होते. पुढच्या वर्षी मॉरिशसवर जाणारं मोठं आरमारही रॉड्रिग्जपाशीच गोळा झालं. ते शिपाई कुठल्या गावचे असतील, या उजाड बेटावर पिण्याच्या पाण्यासाठी किती वणवण केली असेल, हा विचार माझ्या मनात फार वेळा येतो.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की ऑक्टोपसची शिकार वर्षातून काही काळ बंद ठेवतात. हातावर पोट असलेल्या बायकांचा घास काढून घेणं हे कुठलं संवर्धन?

पत्र रागाने लिहिलेलं आहे आणि राग योग्य जागी आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काम कसं चालतं ते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी असते, तेव्हा लगूनमधले प्रवाळाचे सपाट पट्टे घोट्याएवढ्या पाण्यात येतात. बायका रबरी बूट, जुनी पँट, लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल आणि वर टोपी घालून निघतात. हातात टोकाला लोखंडी सळई बसवलेली काठी. ऑक्टोपसला क्रिओलमध्ये ‘उरीट’ म्हणतात आणि त्यांना टोचून पकडणारी ती ‘पिकेझ’. तासन्‌तास वाकून, उन्हाकडे पाठ करून चालायचं. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला नुसते दगड दिसत होते. सत्तरीकडे झुकलेल्या एका बाईंनी माझा दंड धरून मला थांबवलं आणि काठीने दाखवलं : एका भोकाच्या तोंडाशी खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि रिकाम्या शिंपल्या टाकलेल्या. ऑक्टोपस बिळात बसून खातो आणि उष्टं दाराशी टाकतो. त्या म्हणाल्या, “घर शोधू नकोस, कचरा शोध.” प्राणिशास्त्राच्या पदवीत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पकडलेला ऑक्टोपस काठीने बडवून मऊ करतात. काही ताजा विकतात, काही किनाऱ्यावर काठ्यांवर टांगून वाळवतात. आठही हात ताणून वाऱ्यावर टांगलेले ऑक्टोपस पाहिले की समजावं जवळच एखाद्या पिकेझचं घर आहे. गेली काही दशकं हा व्यवसाय खालावत चालला होता. पकडणारे वाढले, पुरुषही उतरले, आणि लहान-लहान पिल्लंही पकडली जाऊ लागली. शिवाय एवढे पाय रोज प्रवाळावर पडतात, प्रवाळ मोडतो, आणि ऑक्टोपसची बिळंच नाहीशी होतात.

आता हा प्राणी कसा आहे ते बघा, कारण बंदीचं सगळं शहाणपण त्यातच आहे. इथला ऑक्टोपस जेमतेम वर्ष-दीड वर्ष जगतो. पण वाढतो झपाट्याने; पोरसवदा वयात दोन महिन्यांत त्याचं वजन कितीतरी वाढतं. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, लाखोंनी. मग बिळाच्या छताला लटकलेल्या त्या अंड्यांच्या माळांवर पाणी फुंकत, काही न खाता पहारा करते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. तेव्हा आज पकडलेला छोटा ऑक्टोपस दोन महिने थांबून पकडला तर तोच वजनदार होऊन हाती येतो, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीला त्या काळात सोडलं तर पुढच्या पिढीची सोय होते. मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या माशांना दोन महिन्यांच्या विश्रांतीने काही फरक पडत नाही. ऑक्टोपसला पडतो.

ही युक्ती आधी मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आंदावादोआका गावाजवळ २००४ मध्ये करून पाहिली गेली होती. रॉड्रिग्जने २०१२ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी दोन महिन्यांची पहिली बंदी घातली, आणि ती सगळ्या लगूनला लावली. पुढे वर्षाच्या सुरुवातीलाही बंदीचा आणखी एक काळ जोडला गेला. आता तुमचा मुख्य मुद्दा : त्या दोन महिन्यांत खायचं काय? पहिल्या बंदीच्या वेळी नोंदणी झालेल्या मच्छीमारांना प्रादेशिक सभेने, म्हणजे बेटाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक सभेने, दुसरं काम दिलं, किनारे साफ करणं वगैरे, आणि त्याचा मोबदला दिला. हे नसतं तर बंदी टिकली नसती, असं मला ठामपणे वाटतं. गरिबाला फक्त “थांब” म्हणून सांगणं अन्याय आहे. “थांब, तोवर हे काम घे” असं म्हणणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सगळं गोड आहे असं नाही. नोंदणी नसलेल्या बायकांना मोबदल्याचा उपयोग नसतो, आणि कितीतरी जणींचं नाव कुठल्याच वहीत नसतं. बंदीतही रात्री चोरून जाणारे असतात. बंदी उठते त्या सकाळी अख्खं बेट पाण्यात उतरतं आणि दोन महिन्यांनी वाचवलेलं काही दिवसांत ओरबाडलं जातं. म्हणून मी बंदीला औषध म्हणत नाही. पण बंदी उठल्यावर हाती आलेले ऑक्टोपस मोठे होते, हे मी पाहिलं आहे. आणि जिने मला कचरा शोधायला शिकवलं ती बाई बंदीच्या बाजूने बोलत होती. तिच्या लहानपणी काठीला जेवढा भार लागायचा तेवढा पुन्हा लागला, असं ती म्हणाली. तिच्या मताला मी माझ्या तक्त्यांपेक्षा जास्त मान देते.

प्रश्न : सगळीकडे पाणीच पाणी, तर पिण्याच्या पाण्याची टंचाई कशी?

पाऊस पडतो, पण उतार तीव्र, ओढे आखूड, आणि पाणी काही तासांत समुद्रात. जंगल असतं तर ते पाणी मुरलं असतं. ते गेलं. कित्येक घरांना नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून छपराचं पाणी टाक्यांत साठवतात. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारले आहेत, पण त्यांना वीज लागते आणि विजेसाठी मुख्यतः जहाजातून आलेलं तेल. उघड्या डोंगरावरची माती पावसाबरोबर लगूनमध्ये उतरते आणि प्रवाळावर बसते, त्यामुळे डोंगरावरच्या शेताचा बांध नीट असणं ही पिकेझचीही गरज आहे. तिथले शेतकरी दगडी बांध घालतात, झाडं लावतात. ते काम मला नव्या हॉटेलापेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्न : माझ्या नातीला विचारायचं आहे : डोडोचा भाऊ तिथे राहायचा का? (वय वर्षं नऊ)

हो बाळा, भाऊच म्हण. त्याचं नाव सॉलिटेअर. डोडो मॉरिशसचा आणि सॉलिटेअर फक्त रॉड्रिग्जचा. दोघंही कबुतराच्या कुळातले, दोघांनाही उडता येत नव्हतं. फ्रांस्वा लेगा नावाचा एक माणूस काही सोबत्यांबरोबर १६९१ ते १६९३ अशी दोन वर्षं त्या बेटावर राहिला. त्याने या पक्ष्याबद्दल लिहून ठेवलं. सॉलिटेअरच्या पंखाच्या सांध्यापाशी हाडाची गाठ असायची आणि भांडताना तो ती वापरायचा. बेटावर तेव्हा मोठमोठी कासवंही होती, इतकी की त्यांचे कळप दिसायचे. मग जहाजं आली. माणसांनी हजारो कासवं खाण्यासाठी भरून नेली, जंगल जाळलं, मांजरं आणि उंदीर आणले. अठराव्या शतकात सॉलिटेअर संपला, आणि मग ती कासवंही.

पण तुला एक चांगली गोष्ट सांगते. रॉड्रिग्जचं सोनेरी रंगाचं फळखाऊ वटवाघूळ १९७० च्या दशकात शंभरापेक्षाही कमी उरलं होतं. झाडं लावली, काही वटवाघळं दूरच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवली, आणि आता ती हजारोंनी आहेत. संध्याकाळी ती डोक्यावरून उडतात तेव्हा पंखांचा आवाज ऐकू येतो. आणि १९८० मध्ये तिथल्या एका शाळेतल्या मुलाला असं एक झुडूप सापडलं की जे जगातून संपलं असं सगळे समजत होते. कॅफे मारॉं त्याचं नाव, पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं. अख्ख्या जगात ते एकच झाड उरलं होतं. त्याच्या फांद्यांपासून लंडनच्या क्यू बागेत नवी रोपं केली. गुरुजींनी वर्गात जुन्या झाडांची माहिती सांगितली होती, म्हणून त्या मुलाला ते ओळखता आलं.

प्रश्न : क्राकाटोआ ज्वालामुखीचा आवाज रॉड्रिग्जला ऐकू गेला होता, हे खरं की दंतकथा?

खरं आहे. क्राकाटोआ म्हणजे इंडोनेशियातलं ज्वालामुखीचं बेट; २७ ऑगस्ट १८८३ चा स्फोट. बेटाचे तेव्हाचे पोलीस प्रमुख जेम्स वॉलिस यांनी पूर्वेकडून दूरच्या तोफांसारखे आवाज आल्याची नोंद केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, म्हणून आवाज पोचायला चार तास लागले. मधे नुसता समुद्र, अडवायला काही नाही.

प्रश्न : तरुण मुलं तिथे थांबतात का? की आपल्या कोकणासारखी गावं रिकामी होत आहेत?

जातात. पुढच्या शिक्षणासाठी आणि कामासाठी मॉरिशस, बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत. तिथे त्यांना गावंढळ समजतात, हे मुलांनी मला दुखऱ्या आवाजात सांगितलं आहे. मुख्य बेटाशी रॉड्रिग्जचं नातं आधीपासून अवघड आहे. इथल्या लोकांनी पहिल्यांदा मतदान केलं ते १९६७ मध्ये, आणि प्रचंड बहुमताने केलं ते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला. आपण बहुसंख्याकांत हरवून जाऊ अशी धास्ती होती. तरी १२ मार्च १९६८ ला मॉरिशसबरोबर तेही स्वतंत्र झाले. पूर्वी धर्मगुरू असलेल्या सेर्ज क्लेर यांनी १९७६ मध्ये रॉड्रिग्जच्या लोकांचा पक्ष काढला, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि २००२ मध्ये बेटाला स्वायत्तता मिळाली. १२ ऑक्टोबरला तिथे सुट्टी असते. ऑक्टोपसची बंदी, प्लास्टिक पिशव्यांवरची २०१४ ची बंदी, हे निर्णय बेटावरच्या सभेत झाले. तिजोरी मात्र अजून मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्येच आहे, आणि स्वायत्ततेला तिथेच मर्यादा येते.

२०१९ मध्ये समुद्राखालून इंटरनेटची तार पोचली. त्याआधी सगळं उपग्रहावर, फार हळू. आता काही मुलं घरून काम करायला लागली आहेत. मोठी विमानं उतरावीत म्हणून धावपट्टी वाढवण्याचं कामही हाती घेतलं आहे. नोकऱ्या येतील, हे खरं. पण जेवढी माणसं उतरतील त्यांना आंघोळीला पाणी कुठून देणार, हा प्रश्न मी तिथल्या प्रत्येक बैठकीत विचारला आणि पुढेही विचारीन.

प्रश्न : आम्हा दोघांना जायचं आहे. (निवृत्त दांपत्य)

जरूर जा. मॉरिशसहून दीड तासाचं विमान आहे. पूर्वी प्रवासी जहाजही जायचं, त्याला एक दिवसाहून जास्त लागायचा. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचा काळ. २०१९ च्या मार्चमध्ये जोआनिन्या वादळाने बेटाचे हाल केले होते. मे ते नोव्हेंबर हवा चांगली असते, फक्त आग्नेयेचा वारा सतत वाहतो, तेव्हा गरम कपडे न्या. घरगुती खोलीत उतरा आणि जेवणही त्यांच्याकडेच घ्या : मक्याचा भरडा, लाल घेवडा, पपईची चटणी. ऑक्टोपसचा रस्सा मिळतोच, पण बंदीच्या काळात ताजा मागू नका. वाळवलेला किंवा आधी साठवलेला असेल तर देतील. एखाद्या शनिवारी रात्री सेगा तांबूर कुठे आहे ते विचारा. ढोलाच्या ठेक्यावर बायका गातात आणि नाचतात. २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा म्हणून मान दिला, पण तिथे ती घरच्या अंगणातही चालते. लगूनमध्ये फिरायला जाल तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नका, वाळूवरून चाला, शंख-शिंपले उचलू नका. आणि बाजारातून लिंबाचं लोणचं घ्याल तर बाटलीचं झाकण नीट पाहून घ्या, विमानात तेल गळतं.